सर्व भांडी स्वच्छ ठेवण्याची विनंती

आमच्या टगवरचा भंडारी कमी करायचा असं कंपनीनं ठरवलं, आणि टगवरचा भंडारी मीच होतो.

भंडारी म्हणजे बोटीवरचा आचारी. आणि टग म्हणजे बुटकी, जाडजूड, सतत धूर सोडणारी बोट. मोठ्या माणसाला गर्दीतून हात धरून न्यावं तशी ती कोळशानं भरलेले, बिनइंजिनाचे बार्ज ओढत नेते. मगदल्ल्याच्या जेटीवरून आम्ही तापीच्या मुखातून बाहेर पडायचो, समुद्रात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजापाशी जायचो आणि परत यायचो. तेवढ्यात माझा तीन वेळचा स्वयंपाक व्हायचा आणि एकदा उलटी.

त्याआधी मी सुरतेत गोडादऱ्याला कापडाच्या लूमवर होतो. मालकानं जुने लूम भंगारात काढले तेव्हा मी डिंडोलीत एका खानावळीत भाकरी थापायला लागलो. तिथं एकदा टंडेलकाका जेवायला आले. टंडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या. हे वलसाडकडचे, आवाज भोंग्यासारखा. माझं बेसन-भाकरी खाऊन त्यांनी मला थेट विचारलं, "भाऊ, दरियावर येशील?" सुरतेत आम्हा मराठी माणसांना सगळे भाऊच म्हणतात. मी हो म्हणालो. उधना, सचिन, पांडेसरा तसा दरिया हा पण एक एरिया असेल असं मला वाटलं होतं. रिक्षा जेटीपाशी थांबली आणि पुढं रस्ताच नव्हता, तेव्हा उलगडा झाला. पण एकदा हो म्हटलं की म्हटलं. टंडेलकाकांचे उपकार मी अजून मानतो, म्हणजे मनातल्या मनात. तोंडावर बोललो तर ते शिव्या देतात.

तर भंडारी कमी होणार होता. जेवण किनाऱ्यावरून टिफिननं येणार होतं. कप्तानसाहेब माझ्यासाठी कंपनीशी भांडले. ते रत्नागिरीकडचे, बोलायला तिखट, पण माणसं तोडत नसत. शेवटी असं ठरलं की हा माणूस राहायचा असेल तर ड्युटीचा माणूस म्हणून राहील. वर सुकाणूपाशी बसून त्याला तिथल्या मशीनवर उमटणारे निरोप वाचता आले पाहिजेत. ऑफिसातून एक तपासणीचे साहेब येतील, तोंडी विचारतील. जमलं तर ठेवतील, नाही तर घरी.

घरी म्हणजे कुठं, हाच प्रश्न होता. लूम भंगारात गेले होते. खानावळीत दुसरा माणूस लागला होता. आणि गावाला, अकोल्याच्या पुढं, आईनं सगळ्या आळीत सांगून ठेवलं होतं की माझा पोरगा जहाज चालवतो. शाळा मी सातवीत सोडली. आईला आतापर्यंत माझ्याबद्दल सांगण्यासारखं मिळालेलं हे पहिलंच. ते परत कसं घ्यायचं?

ते मशीन एका खोक्याएवढं होतं, बस कंडक्टरच्या तिकीट मशीनचा मोठा भाऊ म्हणावा असं. अधूनमधून टीं टीं करायचं आणि गुरगुरत कागदाची पट्टी बाहेर सोडायचं. मुंबईचं सरकारी रेडिओ स्टेशन समुद्रातल्या सगळ्या बोटींना लेखी निरोप पाठवतं, ते त्यावर उमटतात. कुठं दिवा बंद पडलाय, कुठं बुडालेली बोट आहे, कुठं तोफांचा सराव चाललाय, कुठं वादळ येतंय. सगळं इंग्रजीत. पण सगळं मोठ्या अक्षरांत! हे बघून माझा जीव भांड्यात पडला होता. मी शाळा सोडली तेव्हा मोठी एबीसीडी पूर्ण पाठ होती, छोटी अर्धीच. ज्यानं हे मशीन केलं त्याला माझ्यासारख्यांची काळजी होती, असं मला तेव्हा मनापासून वाटलं.

पहिल्या दिवशी मी टाकून दिलेली एक पट्टी उचलली, खाली स्वयंपाकघरात नेली आणि एकेक अक्षर फोनमध्ये घातलं. सुरुवातीला आकडे आणि लांबलचक शब्द होते, ते सोडले. शेवटची ओळ होती: ALL VESSELS REQUESTED TO KEEP CLEAR. फोननं क्षणभर विचार केला आणि मराठीत लिहिलं, "सर्व भांडी स्वच्छ ठेवण्याची विनंती आहे."

मी वळून कोपऱ्यातल्या पातेल्याकडं बघितलं.

सकाळीच डाळीचं पातेलं करपलं होतं. ते मी घासलं नव्हतं. पाणी घालून, झाकण ठेवून, कोपऱ्यात सरकवून दिलं होतं. टगवर कुणालाही माहीत नव्हतं. आणि इथं सरकारनं रेडिओवरून कळवलं होतं! मला पहिल्यांदा वाटलं, कॅमेरा असेल. मग वाटलं, वास गेला असेल. वारा मुंबईकडेच होता त्या दिवशी. आणि बघा, कुठं रागावणं नाही, अरे-तुरे नाही. विनंती. इतक्या मोठ्या ठिकाणाहून आपल्याला विनंती येते म्हटल्यावर माणसाला जास्तच लाज वाटते.

मी बाह्या सरसावल्या. करपलेलं पातेलं घासलं, मग न करपलेली घासली. कढया, झारे, चाळणी, पोळपाटाची खालची बाजू, कुकरची शिट्टी सुईनं. चहाचे सगळे कप सोड्याच्या पाण्यात बुडवले. एवढ्यात टंडेलकाका चहाला आले.

"भाऊ, कप क्यां गया?"

"भिजतायत काका."

"बधा?"

"सगळे. वरून हुकूम आलाय."

"कोना तरफथी?"

मी पट्टी दाखवली आणि फोन दाखवला. काकांना मराठी वाचता येत होतं. त्यांनी वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. मग ते जिन्यावरून वर धावले, इतक्या जोरात की मला वाटलं कुणी पाण्यात पडलं. वरून आधी त्यांचा भोंगा ऐकू आला, मग कप्तानसाहेबांचं हसणं. कप्तानसाहेब हसतात हे मला त्या दिवशी कळलं.

ते स्वतः खाली आले. चकचकीत कढईत स्वतःचं तोंड बघितलं, मिशी नीट केली आणि म्हणाले, "अरे बाबा, व्हेसल म्हणजे भांडं, बरोबर. पण इथं व्हेसल म्हणजे जहाज. कीप क्लिअर म्हणजे लांब राहा. तिकडं समुद्रात केबल टाकतायत, सगळ्या जहाजांनी लांब राहा, एवढंच म्हणतायत ते."

"मग पातेल्याचं?"

"पातेल्याचं त्यांना काही माहीत नाही रे."

मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना साखर जास्त घालून चहा दिला. वाटीतून, कारण कप भिजत होते.

दुसऱ्या दिवसापासून कप्तानसाहेब मला शिकवायला लागले. निरोपाला डोकं असतं आणि शेपूट असतं. डोक्यावर चार अक्षरं, झेड सी झेड सी. म्हणजे काय? काही नाही. आता निरोप सुरू होतोय, एवढंच. त्यापुढं एक अक्षर कुठल्या स्टेशनाचा निरोप ते सांगतं, दुसरं अक्षर कसला निरोप ते सांगतं, आणि मग त्याचा नंबर. ए म्हणजे वाटेतला धोका. बी म्हणजे हवेचा धोका. डी म्हणजे कुणीतरी हरवलंय, शोधा. सी म्हणजे बर्फ.

"बर्फ?"

"समुद्रात तरंगणारा बर्फ. डोंगराएवढा."

"सुरतेत?"

"सुरतेत नाही रे. यादी सगळ्या जगासाठी एकच असते."

टंडेलकाका म्हणाले, "सुरतमां बरफ एटले गोळा. काला-खट्टा." पण मी सी पाठ केला. आपल्याकडं येत नाही म्हणून सोडून द्यावं आणि त्याच वर्षी यावं, असं माझ्या बाबतीत होऊ शकतं.

निरोपाच्या शेपटीला चार वेळा एन. एन एन एन एन. मी विचारलं, "हे कुणाला नाही म्हणतायत?"

"कुणालाच नाही. निरोप संपला, असं."

"चार वेळा?"

"नन्नाचा पाढा समज आणि पाठ कर."

मी ते तसंच पाठ केलं. आमचे जुने लूमचे शेठ सुट्टी मागितली की असंच करायचे, ना ना ना ना, आणि तेव्हाही बोलणं तिथंच संपायचं.

आठवड्याची सुट्टी मिळाली की मी डिंडोलीला खोलीवर यायचो. बायको घरी साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायची. सगळ्या खोलीभर साडी पसरलेली, मधे ती, आणि कडेकडेनं मी पट्टी हातात घेऊन. ती माझी परीक्षा घ्यायची. तिचं शिक्षण माझ्याहून एक इयत्ता जास्त, आणि ते ती विसरू देत नसे.

"हे तीन तीस काय हाय?"

"ते जगाच्या घड्याळाचे. त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे सकाळचे नऊ."

"मंग जगाची घडी साडेपाच तास मागं हाय?"

"हो."

"अन् हे सगळ्याईले माहीत हाय?"

"हो."

"मंग सांगत काहून नाई त्याईले कोणी? सेल बदला म्हना."

मी तिला समजावायचा प्रयत्न केला. पृथ्वी फिरते, एकीकडं उजेड, एकीकडं अंधार. ती एक खडा चिकटवून म्हणाली, "ते मले माहीत हाय. पन आपल्यासाठी कोणी घडी मागं करत नाई, आपन कामून त्याईच्यासाठी पुढं करावं?" साडेपाच तेवढे पक्के लक्षात राहिले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक तिकीटवाले दादा बसायचे. धुळ्याकडचे. छोटं दुकान, एक कॉम्प्युटर, आणि दिवाळीच्या आधी त्यांच्यासमोर आख्खा महाराष्ट्र रांगेत. भुसावळ, अकोला, अमरावतीकडं जाणाऱ्या सगळ्यांची तिकिटं तेच काढायचे. गल्लीत इंग्रजी असं त्यांनाच येत होतं. फोनवर माझा विश्वास उरला नव्हता, त्यामुळे मी पट्टी घेऊन त्यांच्याकडं गेलो.

"काय व्हयनं रे भाऊ? वेटिंग का?"

"नाही दादा, हे वाचायचंय."

त्यांनी चष्मा लावला. निरोपात होतं: BUOY OFF STATION. UNLIT. दादांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"वाईट झालं."

"काय झालं?"

"बॉय ऑफ स्टेशन. पोरगं स्टेशनवरून गेलंय. हरवलंय."

"पण बॉयचं स्पेलिंग..."

"सरकारी स्पेलिंग असंच राहतं. आमच्या तिकिटावर बघ, माणसाचं आडनावसुद्धा अर्धं येतं." त्यांनी पुढं बोट फिरवलं. "अनलिट. म्हणजे लाइट नाही. अंधारात आहे बिचारं."

मी हे घरी सांगायला नको होतं. बायकोनं हातातला खडा खाली ठेवला. "कोनाचं हो? केवढं हाय?" मी म्हणालो, तेवढं दिलेलं नाही, फक्त जागा दिलीय, आणि जागा समुद्रात आहे. तर ती रडायलाच लागली. "समुद्रात कसं गेलं ते स्टेशनवरून!" रोज फोनवर तिचा पहिला प्रश्न तोच. जेवले का, हे दुसरं. "भेटलं का ते पोरगं?" शेजारणींनाही तिनं सांगितलं होतं. एक बाई तर मला म्हणाली, तुम्ही बोटीवर असून बघत नाही का?

पुढच्या फेरीत मी कप्तानसाहेबांना विचारलं, "साहेब, ते पोरगं सापडलं?"

"कुठलं पोरगं?"

मी सगळं सांगितलं. ते वळून खिडकीतून बाहेर बघायला लागले. खांदे हलत होते. मग त्यांनी बाहेर बोट दाखवलं. पाण्यावर लाल रंगाचं, पिंपासारखं काहीतरी डुलत होतं, वर दिव्याचा खांब. "तो बोया. तसलाच तुमचा बॉय. साखळी तुटली की जागेवरून वाहत जातो, दिवा विझतो. ऑफ स्टेशन म्हणजे त्याच्या जागेवर नाही."

चार-पाच दिवसांनी दुसरी पट्टी आली की बोया परत जागेवर बसवला, आधीचा निरोप रद्द. मी लगेच बायकोला फोन केला आणि खरं काय ते सांगून टाकलं. पोरगं नाही, दिवा लावलेलं पिंप होतं. मला वाटलं हसेल, नाही तर चिडेल.

"पन भेटलं ना?"

"भेटलं."

"बस झालं मंग," ती म्हणाली, आणि देवापुढं साखर ठेवून गल्लीत वाटली. पिंप होतं हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

यानंतर मी तिकीटवाल्या दादांकडं जायला नको होतं, हे मलाही कळतं. पण तपासणीचे साहेब सोमवारी येणार होते, मी सुट्टीवर होतो, कप्तानसाहेबांचा फोन लागत नव्हता, आणि अभ्यासाला आणलेल्या शेवटच्या पट्टीत एक सर्व्हेचं जहाज होतं. ते मागं लांबलचक केबल ओढत चाललं होतं. त्याच्याखाली लिहिलेलं: WIDE BERTH REQUESTED. आता तुम्हीच सांगा. बर्थ! बाकी कशातही दादा चुकतील, बर्थच्या बाबतीत चुकणं शक्य होतं का? त्या माणसाचं आयुष्य बर्थमध्ये गेलं होतं.

दादांनी पट्टी बघितली आणि खुर्चीत मागं टेकले. बऱ्याच दिवसांनी स्वतःच्या विषयाचं काहीतरी आलं होतं.

"वाइड म्हणजे रुंद. बर्थ म्हणजे बर्थ. रिक्वेस्टेड म्हणजे मागितलाय. अजून कन्फर्म नाही."

"कुणी मागितलाय?"

"त्या सर्व्हेवाल्या जहाजानं. मोठा कुणी साहेब असेल त्यांच्याकडं. जाडा. साइड लोअरला मावत नसेल."

"मग आपण काय करायचं?"

"असेल तर द्यायचा. नसेल तर नाही म्हणून कळवायचं. पण भाऊ," दादा पुढं वाकून म्हणाले, "आजारी माणूस असेल तर आधी द्यायचा. कोटा राहतो."

सुरतेहून गावाला जाताना बर्थसाठी मी लोकांच्या पाया पडलेलो आहे. एकदा आईला आणताना दोन बर्थच्या मधे खाली चादर टाकून आलो. समुद्रात एवढ्या लांब, केबल ओढत चाललेला माणूस रुंद बर्थ मागतोय, यात मला जराही विचित्र वाटलं नाही. उलट वाटलं, तिथं निदान कळवायची सोय आहे.

सोमवारी सकाळी साहेब आले. टग जेटीला बांधलेला होता. साहेब मुंबईहून आलेले, मराठी निघाले, म्हणून मी जास्तच घाबरलो. हिंदीत चुकलं तर भाषेवर ढकलता येतं. सुकाणूच्या खोलीत ते खुर्चीवर, कप्तानसाहेब उभे, दारात टंडेलकाका, आणि मी हात पाठीमागं बांधून. आतून शर्ट पूर्ण भिजलेला.

"बस," साहेब म्हणाले.

"असू द्या साहेब. बसून मला आठवत नाही."

त्यांनी झेड सी झेड सी विचारलं, सांगितलं. ए, बी, डी विचारलं, सांगितलं. सी मीच न विचारता सांगितला, आणि बर्फ आपल्याकडं येत नसला तरी माझी तयारी आहे असंही सांगितलं. घड्याळाचे साडेपाच तास बरोबर आले. व्हेसल म्हणजे जहाज, भांडं नव्हे, हे मी जरा जास्तच जोरात म्हणालो. साहेबांनी कप्तानांकडं बघितलं, कप्तानांनी छताकडं. सगळं सुरळीत चाललं होतं. टंडेलकाका दारातून मला डोळे मिचकावत होते.

मग साहेबांनी खिशातून एक पट्टी काढली. तोच निरोप, दुसऱ्या बोटीच्या मशीनवरचा.

"हे वाच. याचं काय करशील?"

माझ्या चेहऱ्यावर हसू आलं असणार, कारण हे मला सगळ्यात चांगलं येत होतं.

"साहेब, सर्व्हेच्या जहाजानं रुंद बर्थ मागितलाय. अजून कन्फर्म नाही. आपल्या टगवर रुंद बर्थ एकच, कप्तानसाहेबांचा. तो द्यायचा झाला तर कप्तानसाहेबांना टंडेलकाकांच्या वरच्या बर्थवर घालावं लागेल. काका घोरतात. पण एका रात्रीचा प्रश्न आहे. आणि पाहुणा आजारी असला तर मी माझाही बर्थ जोडून देतो, मधल्या फटीत गोणपाट घालून. मी स्वयंपाकघरात झोपेन."

खाली इंजिनाच्या खोलीत कुणीतरी पाना टाकला, तो ऐकू आला. टंडेलकाकांनी टोपी काढून तोंडावर धरली होती.

साहेबांचा चेहरा दगडासारखा. "बर्थ देणार म्हणजे त्या जहाजाच्या जवळ जावं लागेल तुला."

मी याचा विचारच केला नव्हता.

"नाही साहेब," मी घाबरून म्हणालो. "जवळ नाही. ते केबल ओढतंय. ती आपल्या टगच्या खालच्या पंख्यात गेली तर? मी लांबच राहीन."

"किती लांब?"

"दिसेल तेवढं लांब. नंतर आणखी थोडं."

"मग पाहुण्याचं काय?"

"त्यानं पोहत यायचं," मी म्हणालो. दुसरं काय बोलणार?

आता साहेबांनाही राहवलं नाही. त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले, आणि मग मला समजावून सांगितलं की वाइड बर्थ म्हणजे हेच. भरपूर जागा सोडा, लांबून जा. झोपायचा बर्थ नव्हे. मला वाटलं, संपलं. जमीन फाटून तिच्यात जायला जमीनही नव्हती, खाली पाणी होतं. मनात आईचा चेहरा आला, आळीतल्या बायका आल्या.

"एक शेवटचं," साहेब म्हणाले. "तू ड्युटीवर एकटा आहेस. पट्टी आली. त्यातला एक शब्द तुला कळला नाही. काय करशील?"

"कप्तानसाहेबांना बोलवीन."

"ते झोपलेत."

"उठवीन."

"चिडले तर?"

"चिडू देत. परत उठवीन."

इथं कप्तानसाहेब पहिल्यांदा बोलले. "साहेब, हे खरं आहे. हा उठवतो. मागच्या आठवड्यात दुपारी माझा डोळा लागला होता, तर यानं दार वाजवून उठवलं. काय, तर म्हणे साहेब, निरोप आलाय. मी पळत वर. बघतो तर निरोप असा, की आज निरोप काही नाही."

"असा निरोप असतो साहेब," मी घाईघाईनं म्हणालो. "झेडचा."

"असतो," साहेब म्हणाले. "मला माहीत आहे." त्यांनी पट्टीची घडी केली. "मागच्या टगवर एकाला विचारलं, कळलं नाही तर काय करशील? म्हणाला, मला सगळं कळतं. त्याला मी कमी करून आलो." मग कप्तानांना म्हणाले, "याला ठेवा. इंग्रजी शिकवा. आणि तुमची दुपारची झोप गेली असं समजा."

टंडेलकाकांनी माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की मी साहेबांच्या पायावर जवळजवळ पडलो. पडलोच आहे तर नमस्कार करून घेतला. साहेब संकोचले, "अरे, उठ उठ." आईला फोन केला तेव्हा मला बोलताच येईना. ती घाबरली, म्हणाली, "काय झालं, जहाज बुडालं काय?" मी म्हणालो, नाही, मला ठेवलं. ती म्हणाली, "मंग जहाज तुयं, तुले कोन काढते?"

पुढच्या सोमवारपासून टिफिन सुरू झाला. कापडासारखी पातळ पोळी, आणि डाळ गोड. कप्तानसाहेबांनी एक घास घेतला आणि बशी हळूच पुढं सरकवली. टंडेलकाका गुजराती, त्यांना गोड चालायला हवं होतं, पण ते डबा उलटा करून मासळी शोधत होते. तीन दिवस सगळ्यांनी तेच खाल्लं. चौथ्या दिवशी काका माझ्यापाशी आले, आजूबाजूला बघितलं, आणि भोंग्याचा आवाज जेवढा बारीक करता येतो तेवढा करून म्हणाले, "भाऊ, पेलुं बेसन बनाव ने. कोईने कहेतो नी." म्हणजे ते बेसन कर, आणि कुणाला सांगू नको.

मी शेगडी पेटवली. कांदा परतला, मिरची घातली, बेसनाचं पाणी ओतणार, एवढ्यात वर मशीन टीं टीं करायला लागलं. माझी ड्युटी होती.

"कुणीतरी वर बघा," मी ओरडलो.

"तूच बघायचंस," वरून कप्तानसाहेब ओरडले. "पगार त्याचाच आहे आता!"

मी काकांच्या हातात उलथणं दिलं. त्यांनी ते सुकाणूसारखं दोन्ही हातांनी धरलं. "हलवत राहा, थांबू नका," एवढं सांगून मी वर पळालो. हवेचा निरोप होता, बी, वारा वाढणार. तीन शब्द अडले. तिन्ही विचारले, कप्तानसाहेबांनी तिन्ही सांगितले, चौथा न विचारता सांगितला. मी सगळं वाचून दाखवेपर्यंत खालून वास यायला लागला.

टंडेलकाका एका हातानं हलवत होते आणि दुसऱ्या हातानं धूर हाकलत होते. मला बघून म्हणाले, "थांब्यो नथी, हों. एक मिनिट पण थांब्यो नथी."

बेसन तळाला काळं झालं होतं, वर कच्चं होतं, आणि मीठ त्यांनी घातलंच नव्हतं. मी दोनदा वाढून घेतलं.